पडद्यावरची रेघ आणि चाळीतला कांदा

3 जून 2020. कोरोनामुळे शाळा बंद होत्या आणि आपण सारे दूरचित्रवाणीसमोर बसून होतो. निसर्ग चक्रीवादळ मुंबईवर आदळणार काय, हीच चर्चा. प्रत्यक्षात ते दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडील नारळी-पोफळीच्या बागा कोसळल्या. मुंबई बचावली आणि अनेकांच्या लेखी वादळ संपले.

वादळ मात्र ईशान्येकडे, देशावर सरकत होते. जमिनीवर आल्यावर समुद्राच्या उबदार पाण्याची वाफ तुटते, घर्षण वाढते आणि वारा मंदावतो. ढगांतील पाणी मात्र बरोबर येतेच. दिवेआगरपासून देवळा सरळ रेषेत सुमारे 280 किलोमीटर. जूनच्या आरंभी आमच्याकडे उन्हाळ कांदा चाळीत असतो. हवा खेळावी म्हणून चाळीच्या बाजू फटींच्या ठेवतात. सरळ पडणारा पाऊस छप्पर अडवते. वाऱ्याने आडवा मारलेला पाऊस फटींतून आत शिरतो आणि भिजलेला कांदा सडतो. म्हणून ते चित्र नीट वाचणे आपल्यालाही गरजेचे होते.

नोव्हेंबर 1948 मध्ये मुंबईला चक्रीवादळाने झोडपले, तेव्हा असे चित्रच नव्हते. 1983 मध्ये इन्सॅट-1बी उपग्रह अवकाशात गेला आणि पुढे ढगांची छायाचित्रे दूरदर्शनच्या बातम्यांतून घरोघर पोहोचली. 2020 मध्ये तर पडद्यावर तीन प्रकारची चित्रे एकापाठोपाठ येत होती. पहिले, उपग्रहाचे अवरक्त छायाचित्र. त्यात पांढरा भाग म्हणजे थंड, अर्थात उंच ढगमाथा. तेथे पाऊस पडतच असेल असे नाही. दुसरे, संगणकाने गणित करून रंगवलेले वारे. ते छायाचित्र नव्हे, भाकीत. तिसरी, मार्गाची रेघ. तिच्या दोन्ही बाजूंचा पुढे रुंदावणारा पट्टा केंद्राच्या मार्गातील अनिश्चितता दाखवतो, वादळाचा विस्तार नव्हे. पट्ट्याबाहेरच्या गावालाही पाऊस झोडपू शकतो.

पुढचे वादळ येईल तेव्हा वर्गात महाराष्ट्राचा नकाशा लावावा. हवामान विभागाच्या पत्रकातील अक्षांश-रेखांश मुलांनी वेळेसह त्यावर मांडावेत. रेघ किनाऱ्यावर थांबवू नये. आपल्या गावापर्यंतचे अंतर मोजावे आणि चाळ झाकायला किती तास उरले, ते मुलांनीच घरी सांगावे.