पहिल्या पुस्तकामागचे घर

गेल्या रमजानमधली गोष्ट. तरावीहची नमाज आटोपून बाहेर पडलो तर मशिदीच्या पायरीजवळ आमच्या मोहल्ल्यातले एक मास्तर थांबलेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. जरा संकोचूनच म्हणाले, "भाई, एक सल्ला हवा होता. पोरीनं कादंबरी लिहिलीय."

मुलगी अकरावीला. घरात दखनी बोलणारी, मराठी माध्यमात शिकलेली. कुणाला न सांगता तिने दोनशेपानी तीन वह्या भरल्या होत्या. मास्तरांनी एका प्रकाशकाकडे चौकशी केली. त्याने वह्या न वाचताच पाचशे प्रतींचा खर्च कळवला. ती रक्कम आणि मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी पोस्टात टाकलेली रक्कम जवळपास सारखीच होती. "तिची अम्मी म्हणते, पैसे शिक्षणाला ठेवा. पोरगी काही बोलत नाही, नुसती बघत राहते. छापावं की नाही, तुम्हीच सांगा."

त्या रात्री मला काही सांगता आले नाही. इतिहास वाचणाऱ्या माणसाची एक खोड असते. प्रश्न अडला की तो मागे वळून बघतो, हाच प्रश्न आधी कुणाच्या घरी आला होता का? आला होता. त्यातल्या तीन घरांची हकिकत इथे सांगतो. तिन्ही घरे दूरची आहेत, पण प्रश्न आपल्याच ओसरीवरचा आहे.

पहिले घर इंग्लंडच्या हेरफर्डशायरमधले. 'होप एंड' नावाचा मोठा वाडा, मालक एडवर्ड मोल्टन-बॅरेट. ही श्रीमंती जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून आलेली, म्हणजे गुलामांच्या घामातून आलेली. त्यांची थोरली मुलगी एलिझाबेथ, जन्म १८०६. मुलींनी शिवणटिपण शिकावे, पियानो वाजवावा असा तो काळ. या मुलीला मात्र ग्रीक भाषेचे वेड. तिने मॅरेथॉनच्या लढाईवर एक दीर्घकाव्य रचले आणि वडिलांनी १८२० साली ते स्वखर्चाने छापून घेतले. प्रती फक्त ५०. लेखिकेचे वय चौदा वर्षांचे. ही कादंबरी नव्हे हे खरे, पण पोराच्या पहिल्या पुस्तकासाठी बापाने खिशात हात घालण्याचे हे एक जुने आणि नोंद असलेले उदाहरण आहे. वडील तिला कौतुकाने 'होप एंडची राजकवी' म्हणत. तिने ते पुस्तक वडिलांनाच अर्पण केले.

पुढे हीच मुलगी एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या नावाने इंग्रजी कवितेत अजरामर झाली. बापाच्या पैशाचे चीज झाले म्हणायचे. पण गोष्ट इथे संपत नाही. आपल्या कुठल्याही मुलामुलीने लग्न करू नये असा या बापाचा हट्ट होता. एलिझाबेथने १८४६ साली, वयाच्या चाळिशीत, कवी रॉबर्ट ब्राउनिंगशी गुपचूप लग्न केले. वडिलांनी तिला वारशातून काढून टाकले. तिची पत्रे त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत. १८५७ साली ते वारले, तोवर बापलेकीची भेट झाली नाही ती नाहीच. मुलीचे काव्य ज्याने छापले, त्याला मुलीचे आयुष्य मात्र स्वतःच्याच हाताने लिहायचे होते. कौतुक आणि मालकी यांच्यातली सीमारेषा किती बारीक असते हे या घराकडून शिकावे.

दुसरे घर पाटण्यातले, आपल्या अधिक जवळचे. इथे नाते उलटे आहे, छापणारा मुलगा आणि लिहिणारी आई. तरीही ते सांगतो, कारण लिहिलेले कागद घरातच पडून राहणे म्हणजे काय, हे त्यातून कळते. रशीदुन्निसा या खानदानी घरातल्या पडदानशीन स्त्री. डेप्युटी नझीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' १८६९ साली आली आणि उर्दू वाचणाऱ्या घराघरांत पोचली. ती वाचून रशीदुन्निसांना वाटले, बायकांच्या जगातल्या खुळ्या रूढी आणि अडाणीपणा यांवर आपणही लिहावे. १८८१ साली त्यांनी 'इस्लाहुन्निसा' ही कादंबरी लिहून पूर्ण केली. मात्र ती छापली गेली १८९४ साली. मधली तेरा वर्षे हस्तलिखित घरातच पडून होते. मुलगा सुलेमान विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतला, त्याने ते बाहेर काढले आणि छापायला दिले, तेव्हा कुठे ते वाचकांपुढे आले. उर्दूत स्त्रीने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून आज तिचा उल्लेख होतो.

पण त्या पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते. बॅरिस्टर सुलेमानची आई, अमुक खानबहादुरांची मुलगी, अमुक साहेबांची बहीण अशी तिची ओळख छापली होती. शरीफ घरातल्या बाईचे नाव चारचौघांत घ्यायचे नाही, हा त्या काळचा रिवाज. मुलावर दोष ठेवण्याचे कारण नाही. त्याने त्या काळात जे केले ते धाडसच होते आणि त्याच्यामुळेच हे पुस्तक वाचले. पुढे या बाईंनी पाटण्यात मुलींसाठी शाळाही काढली. तरीसुद्धा मुलगा, बाप, भाऊ एवढ्या पुरुषांच्या नावांमध्ये लिहिणारीचे स्वतःचे नाव मावले नाही, ही सल वाचताना राहतेच.

तिसरे घर अमेरिकेतल्या माँटाना राज्यातले, आणि काळ अगदी अलीकडचा. मास्तरांचा प्रश्न नेमका याच घरात आला होता. यलोस्टोन नदीच्या काठी पॅरेडाइज व्हॅली नावाचे खोरे आहे. तिथे केनेथ आणि टलिटा पाओलिनी हे जोडपे, मुलगा ख्रिस्तोफर आणि धाकटी मुलगी अँजेला यांच्यासह राहत असे. मुले शाळेत जात नव्हती. आई घरीच शिकवायची. ख्रिस्तोफरने पत्राद्वारे शिक्षण घेऊन पंधराव्या वर्षीच शालान्त पातळी ओलांडली. आता पुढे काय? त्याने ड्रॅगन पाळणाऱ्या एका शेतकरी पोराची गोष्ट लिहायला घेतली. तिचे नाव 'एरागॉन'.

पहिला खर्डा व्हायला एक वर्ष लागले. तो स्वतः वाचल्यावर पोराच्या लक्षात आले की हे काही जमलेले नाही. दुसरे वर्ष पुनर्लेखनात गेले. मग त्याने बाड आईवडिलांच्या हाती दिले. त्यांची एक छोटीशी घरगुती प्रकाशनसंस्था होती. त्यांना वाटले, हे पुस्तक आपणच काढू. पण त्यांनी ते लगेच छापखान्यात धाडले नाही. तिसरे वर्ष सगळ्या घराने मिळून संपादन, मांडणी, मुद्रितशोधन यांत घालवले. मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळा आणि आतला नकाशा मुलाने स्वतः काढला. अशा रीतीने २००२ साली पुस्तक निघाले, तेव्हा लेखक अठरा वर्षांचा होता.

पुस्तक छापणे हे अर्धेच काम. ते विकणार कोण? हा पोरगा लाल सदरा, घोळदार काळी विजार, काळी टोपी असा मध्ययुगीन वेश करून वाचनालयांत, शाळांत, पुस्तकांच्या दुकानांत जाऊन उभा राहू लागला. २००२ आणि २००३च्या सुरुवातीपर्यंत असे १३५हून अधिक कार्यक्रम झाले. लाजऱ्या पोराला अनोळखी माणसासमोर उभे राहून "माझे पुस्तक बघता का?" असे विचारावे लागले. घराचे सगळे उत्पन्न यातच गुंतले होते. आणखी काही महिने पुस्तक खपले नसते तर घर विकून शहरात मिळेल ते काम धरायची वेळ आली असती, असे त्याने पुढे सांगितले आहे.

मग नशिबाने दार ठोठावले. कार्ल हायसन हे फ्लोरिडाचे नावाजलेले लेखक. ते २००२च्या उन्हाळ्यात माँटानात सुटीवर होते. त्यांच्या सावत्र मुलाने 'एरागॉन' वाचले आणि ते त्याला फार आवडले. हायसन यांनी आपल्या प्रकाशकाला, नॉफला, कळवले. ऑगस्ट २००३ मध्ये नॉफने नव्याने संपादन करून, नवे मुखपृष्ठ लावून पुस्तक पुन्हा आणले. ते 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बालपुस्तकांच्या खपाच्या यादीत १२१ आठवडे राहिले. पुढचे भाग २००५, २००८ आणि २०११ साली आले. मालिकेच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

ही गोष्ट सांगताना लोक बहुधा शेवटच्या आकड्यापाशी थांबतात. 'बघा, घर पणाला लावले, नशीब फळफळले!' मला हा अर्थ धोक्याचा वाटतो. दुसऱ्या कुटुंबाच्या घरी हायसन यांचा मुलगा आला नाही, म्हणून त्या घरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. घर पणाला लावणे हा या कहाणीतला अनुकरणाचा भाग नव्हे. अनुकरण करायचे तर त्या तीन वर्षांचे करावे. पुस्तकावर टीकाही झाली. टॉल्किनची छाया, 'स्टार वॉर्स' चित्रपटाची छाया समीक्षकांनी दाखवून दिली. त्यात तथ्यही होते. पंधरा वर्षांचे पोर जे वाचते, तेच आधी लिहिते. पण पहिला खर्डा तसाच छापला गेला नाही. पोराने तो स्वतः पुन्हा लिहिला, मग सगळ्या घराने त्यावर मेहनत घेतली. आणि पुस्तक निघाल्यावर वाचकांपुढे पोराच्याऐवजी बाप उभा राहिला नाही.

ही तीन घरे मनात घोळवत ईदनंतर मी मास्तरांकडे गेलो. शीरखुर्मा झाल्यावर म्हटले, "आधी वह्या द्या." मुलीने आतून आणून दिल्या, पण हातातून सोडायला तिला वेळ लागला. मास्तरांनी स्वतः त्या वाचल्या नव्हत्या. "मला कुठं कळतंय त्यातलं?" असे ते म्हणाले. अठ्ठावीस वर्षे मुलांच्या वह्या तपासणारा माणूस!

मी वाचल्या. पहिल्या वहीत राजवाडा आहे, दुसरीत टीव्हीच्या मालिकेतला बंगला. तिसऱ्या वहीत मात्र एक विडी वळणारी दादी येते. सुपात तंबाखू आणि तेंदूची पाने घेऊन ती बसते, नातीला गोष्ट सांगते आणि बोटे थांबत नाहीत. तिथून वही जिवंत होते. मी हे मुलीला तसेच सांगितले. तिचा चेहरा पडला. पहिल्या दोन वह्यांवर तिने आठ महिने घालवले होते. थोड्या वेळाने तिने विचारले, "मग दादी पहिल्या पानावर आणू?"

मास्तरांना मी जे सांगितले ते असे. पोस्टातले पैसे काढू नका. पाचशे प्रतींची घाई नाही. आज डिजिटल छपाईत पन्नास प्रतीसुद्धा निघतात. बॅरेट साहेबांनीही तेवढ्याच काढल्या होत्या. बारावीची परीक्षा होऊ द्या, तोवर तिला दुसरा खर्डा करू द्या. तो तुम्ही वाचा, अम्मीला वाचून दाखवा. जिथे कंटाळा येईल तिथे खूण करा, खोटी वाहवा करू नका. स्वतः प्रकाशन करायचे तर आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात विनामूल्य मिळतो. पुढे कुणा प्रकाशकाशी करार करायची वेळ आली आणि मुलगी अठराच्या आत असली, तर सही पालक म्हणून तुम्हाला करावी लागेल. पण सही तुमची असली तरी पुस्तकाचा हक्क लिहिणारीचा असतो, हे कायद्याने ठरलेले आहे आणि घरानेही ते लक्षात ठेवावे. मुखपृष्ठावर तिचे पूर्ण नाव टाका. 'मास्तरांची मुलगी' असे नको. आणि पुस्तक निघाल्यावर शाळेत, वाचनालयात तिलाच पाठवा. तुम्ही मागे बसा.

आपल्या समाजात मुलांच्या शिक्षणाबद्दल आता पुष्कळ बोलले जाते. डॉक्टर, इंजिनिअर व्हावे म्हणून बाप कर्ज काढतो, आई दागिने मोडते. लिहिणाऱ्या पोराला मात्र दोनच गोष्टी मिळतात, एक तर दुर्लक्ष नाहीतर एका रात्रीत छापून आणलेले पुस्तक आणि सत्काराची शाल. दोन्हींत कष्ट नाहीत. पोराचे लिखाण वाचायला बसणे, त्यात काय जमले नाही ते प्रेमाने सांगणे, यात कष्ट आहेत. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून ते गरिबाच्या घरीही होऊ शकते.

परवा मास्तर पुन्हा भेटले. रात्री जेवणं झाली की मुलगी वाचते, ते आणि अम्मी ऐकतात. "कधी कधी तिची अम्मी मधेच तोडते," ते सांगत होते, "म्हणते, विडी वळताना दादी असं बोलणारच नाही. मग दोघींची भांडणं. पोरगी रागानं वही मिटते आणि सकाळी उठून ते पान बदलते."

मास्तर हे सांगताना हसत होते. छापण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही विचारला नाही. कादंबरीला घर मिळाले होते.