सौर चुंबकीय चक्राचे संगणकीय प्रतिरूपण
सौरडागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या आवर्तनाने वाढते-घटते. दर आवर्तनात सूर्याचे चुंबकीय ध्रुव उलटतात, म्हणून पूर्ण चक्र २२ वर्षांचे. प्लाझ्माच्या गतीची व चुंबकीय क्षेत्राची समीकरणे संगणकावर सोडवून या चक्राची नक्कल केली जाते. विषुववृत्ताजवळचा भाग ध्रुवांपेक्षा वेगाने फिरत असल्याने बलरेषा पूर्व-पश्चिम ताणल्या जातात. इथवर फारसा वाद नाही. खरी अडचण पुढे आहे: विरणाऱ्या डागांचे क्षेत्र ध्रुवांपर्यंत किती पोहोचते, यावर पुढील चक्राचा जोर ठरतो. ११ वर्षांच्या २४व्या चक्राबाबत मौसुमी दिक्पती यांच्या गटाने २००६ मध्ये जोरदार, तर बंगळूरच्या अर्णब राय चौधुरी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दुबळ्या चक्राचे भाकीत केले. २०१४ मधील कमाल दुबळीच निघाली. ध्रुवीय क्षेत्राच्या प्रत्यक्ष मोजमापांचा आधार, हे या दुसऱ्या प्रतिरूपाचे मोठे बळ होते.