दायमाबादच्या पांढरीत

श्रीरामपूर तालुक्यातले उसाचे फड मागे टाकून तुम्ही प्रवरेच्या डाव्या काठावर येता. समोर पांढऱ्या मातीचं टेकाड. हेच दायमाबाद. इथे आता वस्ती नाही.

आधी 1974 सालात या. एक भिल्ल शेतकरी झाडाचं मूळ काढायला खणतोय. तुम्ही वाकून बघता, तर मातीतून धातूचा बैल डोकं वर काढतोय. एक नाही, जोडी. मागे रथ, रथात उभा माणूस. पाठोपाठ हत्ती, गेंडा, रेडा. चारही भरीव, सगळ्यांचं वजन मिळून साठ किलोंच्या वर. रेडा चाकांवर उभा आहे, हत्तीची चाकं मात्र गायब. रथ हात लावून बघा: सुमारे 45 सेंटिमीटर लांब, आणि दांडीवर चक्क एक कुत्रं उभं! घडवणाऱ्याला बैलांइतकंच ते कुत्रंही महत्त्वाचं वाटलं, हे मला फार आवडतं.

हा ऐवज रीतसर उत्खननात सापडलेला नाही, त्यामुळे त्याच्या काळावर अजून वाद आहे. इथे उत्खनन करणारे एस. ए. साळी तो उत्तर हडप्पा काळात टाकतात. इतर काहींचं म्हणणं, या धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे, ते त्या काळाशी जुळत नाही. भांडणं चालू द्या. रथामुळे दायमाबादचं नाव जगभर झालं खरं, पण गाव कसं होतं ते रथ सांगत नाही. त्यासाठी खाली उतरावं लागतं.

उतरा. इ.स.पू. 1200 च्या आसपास. गावाभोवती मातीचा तट आणि बुरूज आहेत. घरं मातीची, चौकोनी. एका घरात वाकून शिरा. कोपऱ्यात लाल रंगाचं, काळ्या रेघांनी रंगवलेलं तोटीचं भांडं आहे. असली भांडी पहिल्यांदा ओळखली गेली ती याच प्रवरेवरच्या, संगमनेरजवळच्या जोर्व्याला, म्हणून या लोकांना जोर्वे संस्कृतीचे म्हणतात. शेजारी कुंभार, पलीकडे मणी घडवणारा. शेतात जव आणि मसूर.

आता पायाखाली बघा. जमीन एका जागी नुकतीच उकरून पुन्हा लिंपलेली आहे. तिच्याखाली दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेत. आत तान्हं मूल आहे. गेलेलं लेकरू गावाबाहेर न्यायचं नाही, घरातच जमिनीखाली ठेवायचं, अशी इथली रीत. आई त्याच जमिनीवर चूल पेटवते, धाकट्याला भरवते. इथे जरा थांबा, घाई नको.

खालचे थर भराभर जातात. माळवा संस्कृतीची ऐसपैस घरं, साधारण इ.स.पू. 1600 ची. त्याखाली ज्या संस्कृतीला या गावाचंच नाव मिळालं ती, तिच्या तांबं गाळायच्या भट्टीसह. आणखी खाली उत्तर हडप्पा: सिंधू लिपी कोरलेल्या गुंडीसारख्या दोन मुद्रा आणि मातीच्या विटांनी बांधलेलं एक थडगं. सिंधूकाठची अक्षरं नगर जिल्ह्यात! तळाशी तापीखोऱ्यातल्या सावळद्याच्या नावाने ओळखले जाणारे पहिले रहिवासी, इ.स.पू. 2200 च्या सुमाराचे. तेव्हा गिझाचे पिरॅमिड तीनेकशे वर्षं जुने झाले होते.

वर येताना इ.स.पू. 1000 पाशी गाव उठलेलं दिसेल. पाऊस कमी होत गेला म्हणून दख्खनमधल्या अशा वस्त्या मोडल्या, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. नगरकराला हे समजावून सांगायला नको.

बी. पी. बोपर्डीकरांनी 1958 मध्ये ही जागा हेरली, म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि साळी यांनी 1979 पर्यंत ती टप्प्याटप्प्याने खणली. पण गोदावरी-प्रवरेच्या काठाने अशी टेकाडं आणखीही आहेत, आणि पांढरीची माती रानात खत म्हणून टाकायची सवयही जुनी आहे. तुमच्या गावच्या पांढरीत रंगवलेली खापरं दिसली तर ट्रॉली भरायच्या आधी तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व खात्यात एकदा कळवा. पुरलेला मौल्यवान ऐवज हाती लागला, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारकच आहे.