न पाहता घेतलेला माल

आमच्या परिचयाचा एक तरुण मध्यंतरी सल्ला मागण्यास आला होता. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून काही रक्कम घेऊन त्याला इंटरनेटवर दुकान थाटावयाचे होते. दुकान असे की, गिऱ्हाइकाने मध्यरात्री मागणी नोंदवावी, पैसे आपोआप जमा व्हावेत, माल तिसऱ्याच्याच गुदामातून परस्पर रवाना व्हावा आणि मालकाने सकाळी उठून फक्त हिशेब पाहावा. सगळे ठरले होते. काय विकावयाचे, तेवढेच ठरावयाचे होते! इतिहासाच्या अभ्यासकाला विचारण्याजोगा हा प्रश्न नव्हे, असे आपणांस वाटेल. आम्हासही प्रथम तसेच वाटले. परंतु हा प्रश्न शंभरावर वर्षांचा जुना आहे. त्याची उत्तरे देणारे काही तरले, काही बुडाले. त्यांचीच हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

बाजारात उभा असलेला मनुष्य आंबा हुंगतो, कापड चिमटीत धरून पाहतो, धान्य तळहातावर घेऊन निरखतो. शे-पाचशे कोसांवरच्या दुकानदाराकडून माल मागविणाऱ्याला यांतले काहीच करता येत नाही. तेव्हा न पाहता घेण्याजोगा माल कोणता, हा मूळ प्रश्न होय.

१८८६ साली अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात रिचर्ड सीअर्स नावाचा तरुण एका लहानशा रेल्वे स्टेशनावर नोकरीस होता. गावच्या जवाहिऱ्याने त्याच्या नावे आलेली घड्याळांची पेटी घेण्याचे नाकारले. सीअर्सने ती स्वतः घेतली आणि त्याच मार्गावरील इतर स्टेशनांवरच्या नोकरांना ती घड्याळे विकून टाकली. हा निव्वळ नशिबाचा खेळ म्हणावा काय? आमच्या मते नव्हे. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १८ नोव्हेंबर १८८३ रोजी, अमेरिकेतील आगगाड्यांनी आपापल्या गावचे वेळ सोडून प्रमाणवेळ स्वीकारली होती. घड्याळाची गरज त्या रुळांनीच निर्माण केली होती. शिवाय घड्याळ आकाराने लहान, वजनाने हलके, किमतीने भारी आणि नासण्याची भीती नाही. पुढे सीअर्सने ॲल्वा रोबक हा घड्याळजी जोडीस घेतला. माल दूरवर विकावयाचा, तर बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, याचे उत्तर तयार ठेवणे त्याला भाग होते.

त्याच्याही आधी, १८७२ साली, शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने शेतकऱ्यांसाठी एका कागदावर मालाची यादी छापून टपालाने धाडण्यास आरंभ केला होता. माल पसंत न पडल्यास पैसे परत, हे अभिवचन त्याने १८७५ पासून दिले. हाताळण्याची जी सोय गिऱ्हाइकाने गमावली होती, तिची ही भरपाई होती. १८९६ मध्ये सरकारने खेड्यापाड्यांतील घरपोच टपाल सुरू केले, १९१३ मध्ये पार्सल टपाल आले आणि सीअर्सची जाडजूड सूचिपुस्तके घरोघर पोहोचली. १९९३ साली ते मोठे सूचिपुस्तक बंद पडले.

नेमक्या पुढच्याच वर्षी, १९९४ साली, न्यूयॉर्कमधील एका गुंतवणूक पेढीत नोकरी करणारा जेफ बेझोस वीसएक जिनसांची यादी करून बसला होता. तिच्यातून त्याने पुस्तके निवडली. पुस्तकांचे त्याला वेड होते म्हणून नव्हे! जगात छापील विक्रीस असलेली पुस्तके सुमारे तीस लक्ष, आणि अमेरिकेतील मोठ्यात मोठ्या दुकानात मावत ती दीड-पावणेदोन लक्ष. संगीताच्या तबकड्या त्याच्या यादीत दुसऱ्या होत्या. पण त्यांचे प्रकार दोन-तीन लक्षच, आणि तो धंदा सहा मोठ्या कंपन्यांच्या मुठीत. पुस्तकांचे प्रकाशक मात्र हजारोंनी विखुरलेले होते आणि दोन मोठे घाऊक व्यापारी त्यांचा माल एकत्र ठेवीत. त्यांपैकी एकाचे ऑरेगनमधील गुदाम जवळ पडते, हे सिॲटल शहर निवडण्याचे एक कारण होते. जुलै १९९५ मध्ये ॲमेझॉनचे दुकान उघडले.

परंतु यापेक्षाही महत्त्वाचे कारण एका आकड्यात दडले आहे. १९६६ च्या सुमारास इंग्लंडमधील डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकविक्रेत्या पेढीला आपले गुदाम संगणकावर न्यावयाचे होते. तेव्हा गॉर्डन फॉस्टर या संख्याशास्त्रज्ञाने प्रत्येक पुस्तकाला नऊ अंकांचा क्रमांक देण्याची पद्धत आखून दिली. १९७० मध्ये ती दहा अंकांची होऊन जागतिक ठरली. २००६ अखेरपर्यंत चाललेल्या या दहा अंकी पद्धतीत शेवटचा अंक पहारेकऱ्याचे काम करी. पहिल्या नऊ अंकांना अनुक्रमे दहापासून दोनपर्यंत गुणून बेरीज करावयाची आणि एकूण संख्येला अकराने निःशेष भाग जाईल असा शेवटचा अंक घ्यावयाचा. तो दहा आला तर रोमन ‘एक्स’ लिहावयाचा. एक अंक चुकला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली, तर यंत्र तत्काळ ओळखी. म्हणजे पुस्तक ही अशी वस्तू झाली होती की, नुसत्या क्रमांकावरून नेमकी तीच प्रत मिळावी. बेझोसने निवडला तो हा तीस वर्षांपूर्वी केलेला खटाटोप!

तरीही ते दुकान आपोआप चालत होते, असे कोणी समजू नये. घाऊक व्यापारी एका वेळी दहापेक्षा कमी पुस्तकांची मागणी घेत नसे. तेव्हा या मंडळींनी युक्ती काढली: हवे ते एक पुस्तक, आणि व्यापाऱ्याकडे शिल्लकच नसलेल्या, दगडफुलासारख्या विषयावरच्या एका पुस्तकाच्या नऊ प्रती मागवावयाच्या. येई ते एकच! रात्री सिमेंटच्या जमिनीवर गुडघे टेकून पुस्तके बांधताना बेझोस म्हणाला की, गुडघ्यांना बांधावयाच्या गाद्या आणल्या पाहिजेत. त्यावर शेजारच्या सहकाऱ्याने सुचविले की, टेबले आणली म्हणजे झाले.

आता बुडालेल्यांकडे वळू. पेट्स डॉट कॉमने कुत्र्यामांजरांचे खाद्य निवडले. माल जड, किंमत थोडी, नफा त्याहून थोडा. पाठविण्याचा खर्चच फायदा खाऊन टाकी. फेब्रुवारी २००० मध्ये शेअर बाजारात आलेली ही कंपनी त्याच नोव्हेंबरात बंद पडली. वेबव्हॅनने भाजीपाला व किराणा घरपोच देण्यासाठी प्रचंड यांत्रिक गुदामे उभारण्याचा सुमारे शंभर कोटी डॉलरांचा करार १९९९ मध्ये केला आणि जुलै २००१ मध्ये दिवाळे काढले. यंत्रे उत्तम होती. त्यांना पुरेल एवढे गिऱ्हाईक मात्र नव्हते.

आपल्याकडेही या विद्येचा पाया जुनाच आहे. टपाल खात्याने १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत सुरू केली: पार्सल दाराशी येते, पैसे पोस्टमनच्या हाती द्यावयाचे आणि ते विक्रेत्याला पोहोचावयाचे. २००७ साली बंगळूरमध्ये निघालेल्या फ्लिपकार्टनेही आरंभ पुस्तकांपासूनच केला, आणि २०१० मध्ये माल हाती आल्यावर रोख पैसे घेण्याची सोय दिली. ज्याने पाहिलेले नाही, त्याला आधी पैसे द्यावयास सांगू नये, हे शहाणपण आपल्या टपालखात्याला सव्वाशेहून अधिक वर्षे ठाऊक होते.

त्या तरुणाला आम्ही मालाचे नाव सांगितले नाही. चार प्रश्न मात्र लिहून दिले. तुझा माल न हाताळता, नुसत्या वर्णनावरून ओळखता येतो काय? पाठवणीचा खर्च सोसून काही उरते काय? मोडला किंवा नापसंत पडला, तर परत कोण घेणार? आणि जे काम आपोआप होईल असे तू म्हणतोस, ते प्रत्यक्षात कोण करीत आहे व त्याला काय मिळते?

पहिल्या तिघांची उत्तरे त्याने तिथल्या तिथे दिली. चौथ्यापाशी तो थांबला. वडिलांचे पैसे अद्याप बँकेतच आहेत, असे परवा भेटला तेव्हा सांगत होता. आणि दर रविवारी एका पुस्तकविक्रेत्याकडे पार्सले बांधावयास जातो, असेही म्हणाला. आमच्या मते त्याच्या धंद्याचा आरंभ झाला आहे.