भारीट, काळ्या डोक्याचा

वऱ्हाडात हिवाळी मुक्कामाला येणारा गाणारा पक्षी. शास्त्रीय नाव एम्बेरिझा मेलानोसेफाला. या जातीचे शास्त्रीय वर्णन निसर्गशास्त्रज्ञ स्कोपोली याने १७६९ मध्ये केले. आकाराने चिमणीपेक्षा थोडा मोठा, लांबी १६ ते १८ सेंमी. नराचे डोके काळे, पाठ तांबूस तपकिरी आणि गळ्यापासून खालचा सारा भाग पिवळाधमक असतो. मादी मातकट रंगाची. लाल डोक्याच्या भारिटाच्या मादीशी तिची गल्लत जाणते निरीक्षकही करतात. इराणात, जिथे या दोन्ही जातींचे प्रदेश भिडतात, तिथे त्यांचा संकरही आढळतो.

इटली, बाल्कन देश, तुर्कस्तान ते इराण हे याचे माहेर. युरोपातून दूर स्थलांतर करणारे बहुतेक गाणारे पक्षी थंडीत आफ्रिका गाठतात. हा मात्र पूर्वेची वाट धरून भारतात उतरतो. ऑगस्ट-सप्टेंबरपासून थवे येऊ लागतात आणि गुजरात, मध्य प्रदेश व महाराष्ट्राच्या शेतशिवारांत पांगतात. अकोल्यात जठारपेठेसारख्या दाट वस्तीत त्याला शोधू नये. शहर मागे पडून पूर्णेच्या खोऱ्यातली काळी रानं लागली, की बाभळीच्या शेंड्यांवर आणि विजेच्या तारांवर तो दिसू शकतो.

त्याचे खाणे मुख्यतः धान्य. कणसाला आडवा लटकून तो एकेक दाणा उपटतो, जाड, शंकूसारख्या चोचीत फिरवून टरफल बाजूला टाकतो आणि लगेच पुढच्या दाण्याकडे वळतो. एक पक्षी किती खाणार? पण थवा शेकड्यांचा असला, की हुरड्यावर आलेल्या ज्वारीत मचाण बांधून, डबे बडवून, गोफण फिरवून राखण करावी लागते. शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. कापणीनंतर मात्र हेच थवे धसकटांत सांडलेले दाणे आणि तणाचे बी वेचतात.

हिवाळ्यात नराच्या डोक्यावरच्या काळ्या पिसांना फिकट कडा असतात, त्यामुळे रंग मळकट वाटतो. या कडा झिजत जातात आणि मार्चच्या सुमारास डोके काळेभोर दिसू लागते. भारीट बघायचा तर तेव्हा. जाण्याच्या आधी काही नर गुणगुणतातही. खणखणीत गाणे मात्र ते मायदेशी झुडपाच्या टोकावर बसूनच गातात. भारतात हा पक्षी घरटे करीत नाही. तिकडे मे ते जुलैत मादी बुटक्या झुडपात वाटीसारखे घरटे विणते, चार-पाच अंडी घालते आणि सुमारे १३ दिवस उबवते. पिलांना दाणे नव्हे, किडे भरवले जातात.

परतीची वेळ त्याला कळते कशी, याचा शोध भारतीय प्रयोगशाळांनी नेटाने घेतला. बनारस आणि लखनौ येथील काम त्यात महत्त्वाचे. पिंजऱ्यातल्या भारिटांना सुमारे १२ तासांहून अधिक उजेड मिळू लागला, की ते अधाशासारखे खातात, कातडीखाली चरबी साठते आणि वजन दीडपटीच्या घरात जाते. मग रात्रभर ते पिंजऱ्यात फडफडतात. प्रवास रात्रीचा असतो, म्हणून ही तळमळही रात्रीची. अकोल्याच्या अक्षांशावर दिवस १२ तासांपुढे सरकतो तो मार्चमध्येच. साठलेल्या चरबीवर हजारो किलोमीटरची मजल मारायची असते, त्यामुळे निघण्यापूर्वीच्या आठवड्यांत पोटभर दाणा मिळणे त्याच्या जिवाचा प्रश्न ठरतो.

जागतिक यादीत ही जात धोक्यात मानली जात नाही. वऱ्हाडापुरता विचार वेगळा करायला हवा. ज्वारी एके काळी इथले घराघरातले अन्न आणि गुरांचा कडबा होती. गेल्या काही दशकांत तिचे क्षेत्र सोयाबीन, कापूस आणि तुरीने व्यापले. सोयाबीनच्या शेंगेतून या चोचीला दाणा मिळत नाही, कपाशीत तर नाहीच. उरलेल्या ज्वारीच्या तुकड्यांवर थवे एकवटतात आणि तिथल्या मोजक्या शेतकऱ्यांना नुकसान जास्त सोसावे लागते. पक्ष्याला उपद्रवी म्हणताना पीकपद्धतीतला हा बदल नोंदवलाच पाहिजे. बांधावर ज्वारीच्या दोन ओळी पक्ष्यांसाठी सोडण्याची रीत जिथे टिकून आहे, तिथे मुख्य पिकावरचा भार थोडा हलका होतो.