एलिझाबेथ दिनशॉ विरुद्ध अरवंद दिनशॉ

एलिझाबेथ दिनशॉ विरुद्ध अरवंद दिनशॉ हा अज्ञान मुलाच्या ताब्याविषयीचा, पुण्याशी संबंधित खटला असून भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर १९८६ रोजी त्याचा निकाल दिला. परदेशी न्यायालयाचा आदेश मोडून एका पालकाने मूल भारतात आणल्यास काय करावे, या प्रश्नावरील आरंभीच्या महत्त्वाच्या निर्णयांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

आई अमेरिकन व वडील भारतीय असलेल्या या दांपत्याचा १९८२ मध्ये मिशिगन राज्यात घटस्फोट झाला. मुलाचा ताबा आईला मिळाला. वडिलांना सप्ताहअखेरीच्या भेटीची मुभा होती. जानेवारी १९८६ मध्ये अशाच एका भेटीसाठी नेलेल्या मुलाला वडिलांनी परत न करता पुण्यास आपल्या आईवडिलांकडे आणले. मूल तेव्हा सात वर्षांचे होते. आईने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका दाखल केली.

निकाल

न्यायमूर्तींनी मुलाशी आपल्या दालनात दोनदा संवाद साधला. कोणाजवळ राहावे हे स्वतंत्रपणे ठरविण्याइतके ते मोठे नाही, असे त्यांचे मत झाले. मूल अमेरिकेत जन्मलेले व तेथेच वाढलेले होते. पुण्यातील काही महिन्यांच्या वास्तव्याने ते येथे रुजले असे म्हणता येत नव्हते. म्हणून आईला मुलासह मायदेशी परतण्याची परवानगी देण्यात आली. आईवडिलांचे कायदेशीर हक्क नव्हे, तर मुलाचे हित हाच एकमेव व प्रधान निकष होय, हे सूत्र येथे स्पष्टपणे मांडले गेले.

नंतरचे निर्णय

हेच सूत्र पुढे उलट दिशेनेही लागू झाले. धनवंती जोशी खटल्यात (१९९७) आईने अमेरिकेतून आणलेले मूल बारा वर्षांहून अधिक काळ भारतात राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला आईजवळच ठेवले आणि परदेशी आदेश हा विचारात घ्यावयाच्या अनेक बाबींपैकी केवळ एक होय, असे म्हटले. मात्र निव्वळ कालहरणाने पालकाची बाजू बळकट होतेच असे नाही. व्ही. रविचंद्रन खटल्यात (२००९) दोन वर्षे उलटून गेल्यावरही मूल अमेरिकेस परत पाठविण्याचा आदेश झाला, कारण आई ठिकाणे बदलत राहिली होती. नित्या आनंद राघवन खटल्यात (२०१७) तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा धनवंती जोशी निर्णयाचा मार्ग स्वीकारला.

कायद्यातील पोकळी

मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सहभागाची शिफारस केली आणि २०१६ मध्ये पुन्हा अहवाल दिला. तरीही स्वतंत्र कायदा झालेला नाही. परिणामी प्रत्येक प्रकरणी न्यायालयाच्या विवेकावरच भिस्त राहते. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार पालकत्वाचा अर्ज मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात करावा लागतो. माण, हिंजवडी यांसारख्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रांतून परदेशी गेलेल्या कुटुंबांपैकी एखाद्याचा वाद परतल्यावर उद्भवला, तर मूल ‘सामान्यतः’ कोठे राहते हीच पहिली कळीची बाब ठरते. आणि ती ठरेपर्यंत मुलाची येथील शाळा सुरू होऊन गेलेली असते.