उसन्या अवयवांचे प्राणी

चित्रकलेच्या वर्गांत शिक्षकांनीं 'काल्पनिक प्राणी' हा विषय दिला कीं, बहुतेक मुलें घोड्याला पंख लावतात, नाहींतर सिंहाला माणसाचें तोंड देतात, आणि पांच मिनिटांत मोकळीं होतात. विषय सोपा आहे असें त्यांना वाटतें. त्यांच्या पालकांनाहि वाटतें. वास्तविक तो फार अवघड आहे. जो प्राणी कोणीं कधीं पाहिला नाहीं, तो पाहणाराला जिवंत वाटला पाहिजे. शिवाय तो असाच कां घडविला, याचें कांहीं कारणहि त्याच्या अंगांत दिसलें पाहिजे. या दोन अटींशीं जुन्या कलावंतांनीं कशी झुंज दिली, तें आज श्रोत्यांना सांगावयाचें आहे.

मनुष्याची कल्पना कितीहि उंच उडाली तरी तिला अगदीं नवा अवयव निर्माण करतां येत नाहीं. ती उसनवारीवर जगते. मोहेंजोदडो येथें सांपडलेल्या, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या मुद्रांपैकीं कांहींवर एक विलक्षण जनावर कोरलेलें आहे. तोंड माणसाचें, त्याला हत्तीची सोंड, शिंगें बैलाचीं, पुढचें अंग मेंढ्याचें, मागचें वाघाचें, आणि शेपटीच्या जागीं नाग. मुद्रा तळहाताच्या मध्यावर सहज मावेल एवढी. पण तेवढ्या जागेंत इतकीं जनावरें बसवूनहि कोठें दाटी झालेली दिसत नाहीं. आपल्या देवळांतून दिसणारा मकर याच कुळांतला. मगरीचा जबडा, हत्तीची सोंड आणि माशाची शेपटी मिळून झालेला हा प्राणी गंगेचें वाहन झाला, आणि देवळाचें पाणी बाहेर सोडण्याच्या पन्हळीलाहि त्याचेंच तोंड शोभूं लागलें.

ही उसनवारी शास्त्रासारखी मांडून ठेवली ती इटलीच्या लिओनार्दो दा विंचीनें (१४५२–१५१९). काल्पनिक प्राणी स्वाभाविक दिसावयाचा असेल तर त्याचा प्रत्येक अवयव कोणत्या ना कोणत्या खऱ्या प्राण्याच्या अवयवासारखा असला पाहिजे, असें त्याचें मत. ड्रॅगनचें तोंड काढावयाचें तर डोकें शिकारी कुत्र्याचें घ्यावें, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, भिवया सिंहाच्या आणि मान कासवाची, अशी सामग्रीच त्यानें नेमून दिली आहे. व्हासारीनें १५५० सालीं प्रसिद्ध केलेल्या चरित्रग्रंथांत तरुण लिओनार्दोची एक हकीकत आहे. वडिलांनीं त्याच्याकडे एका शेतकऱ्याची अंजिराच्या लाकडाची ढाल रंगविण्यास दिली. लिओनार्दोनें आपल्या खोलींत सरडे, रातकिडे, साप, फुलपांखरें, टोळ, वटवाघळें असा संसार गोळा केला, आणि त्यांतून एक भयंकर प्राणी सिद्ध केला. मेलेल्या जनावरांची दुर्गंधि सुटली, तरी कामाच्या तंद्रींत त्याला तिचें भान नव्हतें. वडील ढाल नेण्यास आले, दचकून मागें सरले. आणि ढालीचें काम हेंच, असें मुलानें म्हटलें. पुढें वडिलांनीं बाजारांतून बाण रुतलेल्या हृदयाचें चित्र असलेली दुसरी ढाल शेतकऱ्याच्या हातीं दिली, आणि ही शंभर डुकॅटांना विकली! व्हासारी गोष्ट रंगवून सांगणारा खरा, आणि ती ढाल आज कोठें उपलब्ध नाहीं. पण कामाची रीत मात्र विश्वसनीय आहे. आधीं पाहणें, मग जोडणें.

येथवर पहिली अट झाली. दुसरी अधिक बिकट. कोणता अवयव कां जोडावयाचा? या प्रश्नाला पुष्कळांनीं दिलेलें उत्तर एकच: बळासाठीं. आपल्याकडचा शरभ पाहा. शिवनेरीच्या दरवाजांवर तो आहे. जंजिऱ्याच्या महाद्वारापाशीं तर तो आपल्या पंजांत हत्ती पकडून उभा आहे. ग्रंथांतरीं शरभाला आठ पाय सांगितले आहेत. आमच्या पाथरवटांनीं बहुधा चारांवर भागविलें, आणि माझ्या मतें तें शहाणपणाचें केलें; आठ पाय पोथींत धांवतात, दगडांत अडखळतात. नरसिंहाला आवरण्यासाठीं शिवानें शरभरूप घेतलें, अशी शैवांची कथा. कुंभकोणमजवळील दारासुरमच्या बाराव्या शतकांतील मंदिरांत या रूपाला स्वतंत्र स्थान आहे. त्यावर वैष्णवांनीं उत्तर दिलें कीं, नरसिंहानें दोन मस्तकांचा गंडभेरुंड पक्षी होऊन शरभालाच जिंकलें! हा गंडभेरुंड सोळाव्या शतकांत विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर हत्ती उचलून उडतांना दिसतो, आणि पुढें म्हैसूरच्या राजचिन्हांत गेला. शिल्पें देखणीं आहेत, यांत वाद नाहीं. परंतु पंखांवर पंख आणि मस्तकावर मस्तक चढविण्याच्या या चढाओढीला शेवट कोठला? महाभारताच्या शान्तिपर्वांत एका ऋषीनें कुत्र्याला क्रमाक्रमानें बिबट्या, वाघ, हत्ती, सिंह आणि अखेर शरभ केलें. तो शरभ ऋषीलाच खावयास निघाला, तेव्हां ऋषीनें त्याला पुन्हा कुत्रा करून टाकलें.

बळाची ही बेरीज ओलांडून पलीकडे गेलेला प्राणी ओडिशांत आहे. त्याचें नांव नवगुंजर. पंधराव्या शतकांतील सारळा दासाच्या उडिया महाभारतांत कृष्ण या रूपानें अर्जुनासमोर येतो. कोंबड्याचें डोकें, मोराची मान, बैलाचें वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागीं साप. तीन पाय हत्तीचा, वाघाचा आणि हरणाचा. आणि चौथ्या पायाच्या जागीं मनुष्याचा हात, त्यांत कमळ. अर्जुन धनुष्य उचलतो. एवढें विचित्र जनावर कोणीहि मारावयासच धांवेल! पण बाण सुटण्यापूर्वीं त्याची दृष्टि त्या हाताकडे जाते. असें जनावर सृष्टींत नाहीं, तेव्हां हें कोणी निराळें आहे, हें त्याला उमगतें, आणि धनुष्य खालीं येतें.

पाहा, नऊपैकीं आठ अवयव डोळ्यांना गोंधळांत टाकतात. एक हात मात्र ओळख देतो. तो हात काढून तेथें घोड्याचा पाय बसविला, तर प्राणी अधिक चपळ दिसेल कदाचित्. पण अर्जुनाचा बाण सुटेल. विद्यार्थ्यांनीं आपला प्राणी कागदावर उतरविण्यापूर्वीं स्वतःला हें विचारावें: याला पाहून बाण आवरावा असा एकतरी अवयव यांत आहे काय?

पुरीच्या जगन्नाथमंदिरावरील नीलचक्रावर नवगुंजराच्या आकृति आहेत. ओडिशाच्या पटचित्रांत आणि गंजिफांच्या पानांवरहि तो आहे. कोणी चित्रकार त्याच्या हातांत कमळ देतो, कोणी चक्र. हात मात्र असतोच.